विश्लेषण : छातीत घास अडकतो, तो दर वेळी ‘पित्ता’मुळेच? अन्ननलिकेची अ‍ॅलर्जी प्रौढांमध्ये किती आढळते?

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत हंगामात स्ट्रॉबेरी-क्रीम खाल्ल्याशिवाय पर्यटक परतत नाहीत. ते खाल्ल्यावर छातीत काही अडकल्यासारखे वाटले, तर दोष बहुतेकदा आंबट स्ट्रॉबेरीला दिला जातो. ‘पित्त झाले’ असे म्हणून गोळी घेतली जाते आणि विषय तिथेच संपतो. हे एकदा झाले तर काळजीचे कारण नाही. मात्र कोरडी भाकरी, मटणाचा तुकडा किंवा मऊ पावही वारंवार छातीत थांबत असेल, दर घासाला पाण्याचा घोट लागत असेल, तर त्यामागे अन्ननलिकेचा अ‍ॅलर्जीचा आजार असू शकतो. ‘इओसिनोफिलिक इसोफेजायटिस’ म्हणजेच ‘ईओई’ हे त्याचे नाव. तीन-चार दशकांपूर्वी डॉक्टरांच्याही फारशा परिचयाचा नसलेला हा आजार पाश्चात्त्य देशांत आता प्रौढांमधील घास अडकण्याचे एक प्रमुख कारण मानला जातो. तो नेमका किती जणांना होतो, भारतातील आकडे काय सांगतात आणि साताऱ्यासारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

आजार नेमका काय?

घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी स्नायूंची नळी म्हणजे अन्ननलिका. इओसिनोफिल हा रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जंत आणि अ‍ॅलर्जी यांच्याविरुद्धच्या प्रतिक्रियेत या पेशी पुढे असतात. जठरात आणि आतड्यात त्या थोड्याफार प्रमाणात असतातच. पण निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्या जवळपास नसतात. ईओईमध्ये काही अन्नघटकांना, काही वेळा हवेतील परागकणांनाही, शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकीची प्रतिक्रिया देते आणि या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात गोळा होतात.

त्यातून अस्तराला सूज येते. ही सूज वर्षानुवर्षे राहिली की आतून व्रण भरताना जसे घट्ट ऊतक तयार होते, तसे ते अन्ननलिकेतही होते. नळीची लवचीकता जाते, आत कड्या तयार होतात, काही ठिकाणी ती अरुंद होते. अशा नळीतून पाणी सहज जाते; पण नीट न चावलेला, कोरडा किंवा चिवट घास अडकतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. त्यातून कर्करोग होतो, असेही आढळलेले नाही. तो स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये सुमारे तिप्पट दिसतो आणि प्रौढांमध्ये निदान बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. रुग्णांपैकी अनेकांना आधीपासून दमा, सर्दी-शिंकांची अ‍ॅलर्जी किंवा त्वचेचा इसब असतो.

‘पित्त’ या शब्दामुळे गल्लत कशी होते?

मराठीत ‘पित्त’ हा शब्द दोन वेगळ्या तक्रारींसाठी वापरला जातो. आंबट ढेकर, छातीत जळजळ, घशाशी येणे म्हणजे ‘पित्त झाले’. अंगावर लाल गांध्या उठून खाज सुटणे म्हणजे ‘अंगावर पित्त उठले’. पहिल्यात जठरातील आम्ल वर येते. दुसरी त्वचेवरची अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया असते आणि ती बहुधा मिनिटांत ते तास-दोन तासांत दिसते.

ईओई या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. तो अ‍ॅलर्जीचा आजार आहे. पण त्यात अंगावर गांधी उठावी लागत नाही. लक्षणे छातीत जाणवतात. पण मूळ कारण आम्ल नसते. शिवाय ही प्रतिक्रिया सावकाश होते. आज दूध प्यायले आणि आजच घास अडकला, असा सरळ संबंध रुग्णाला सहसा दिसत नाही. रोजच्या खाण्यातील घटकामुळे सूज हळूहळू साचत जाते आणि एखाद्या दिवशी लग्नाच्या पंगतीत मटणाचा तुकडा अडकतो. त्यामुळे रुग्ण त्या दिवशीच्या मटणाला दोष देतो. खरा कारणीभूत घटक मात्र रोज सकाळच्या चहातून पोटात जात असू शकतो.

आजाराची ओळख कधी पटली?

अन्ननलिकेत इओसिनोफिल सापडल्याच्या तुरळक नोंदी १९७०च्या दशकात आहेत. पण हा स्वतंत्र आजार आहे, हे १९९३ मध्ये स्टीफन अ‍ॅटवुड आणि सहकाऱ्यांनी १२ प्रौढ रुग्णांच्या नोंदीतून मांडले. या सर्वांना घास गिळताना त्रास होता आणि अन्ननलिकेत इओसिनोफिल मोठ्या संख्येने होते. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅलेक्स श्ट्राउमान यांनी असेच रुग्ण नोंदवले. १९९५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी १० मुलांना नेहमीचे अन्न बंद करून प्रथिनांचे पूर्ण विघटन केलेला विशेष आहार दिला आणि त्यांची लक्षणे कमी झाली. आजाराचे मूळ अन्नात आहे, हे त्यातून पुढे आले.

निदानाचे पहिले एकमताचे निकष २००७ मध्ये ठरले. म्हणजेच आज पन्नाशीत असलेले बहुतेक डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते, तेव्हा हा आजार त्यांच्या अभ्यासक्रमात ठळकपणे नव्हता. त्याचे प्रमाण किती, या प्रश्नाच्या उत्तराशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

जगात प्रौढांमध्ये प्रमाण किती?

वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, दर एक लाख लोकांमागे सुमारे ३४ जणांना हा आजार आहे. प्रौढांचा वेगळा हिशेब केला तर हा आकडा लाखामागे सुमारे ४२ होतो. प्रौढांमध्ये दर वर्षी लाखामागे सात ते आठ नवे रुग्ण सापडतात. २०२३ मध्ये १५ देशांतील माहितीवर आधारित आणखी एका विश्लेषणात एकूण प्रमाण लाखामागे सुमारे ४० आले.

या सरासरीमागे मोठी तफावत आहे. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या दाव्यांवरून २०१४ मध्ये काढलेला आकडा लाखामागे सुमारे ५७ होता. त्याच पद्धतीने केलेल्या अलीकडच्या हिशेबात तो लाखामागे १४०च्या पुढे गेला आहे. म्हणजे साधारण ७०० अमेरिकनांमागे एक रुग्ण. दुसरीकडे, जपानमध्ये आरोग्य तपासणीसाठी एन्डोस्कोपी केलेल्या २३,३४६ जणांमध्ये केवळ चार रुग्ण सापडले. हे प्रमाण लाखामागे सुमारे १७ होते.

मग खरा आकडा कोणता?

यातील बहुतेक आकडे ‘निदान झालेल्या’ रुग्णांचे आहेत. रुग्ण त्रास घेऊन डॉक्टरांकडे गेला, डॉक्टरांनी एन्डोस्कोपी सुचवली, एन्डोस्कोपी करताना अस्तराचे तुकडे घेतले गेले, पॅथॉलॉजिस्टने ते पाहून इओसिनोफिल मोजले आणि नोंद झाली, तरच तो रुग्ण आकड्यात येतो. या साखळीतील एक कडी निसटली की रुग्ण मोजणीतून बाहेर.

ही साखळी टाळून मोजणी केली तर काय होते, याचे उदाहरण स्वीडनमध्ये आहे. उत्तर स्वीडनमधील कालिक्स आणि हापारांडा या भागांत सर्वसामान्य प्रौढांमधून एक हजार जण निवडून सर्वांची एन्डोस्कोपी आणि बायोप्सी करण्यात आली. त्यांना त्रास असो वा नसो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ जणांच्या अन्ननलिकेत इओसिनोफिल आढळले आणि चार जणांमध्ये आजार निश्चित ठरला. हजारात चार म्हणजे लाखामागे ४००. निदान झालेल्यांच्या सरासरीपेक्षा जवळपास दहापट.

अर्थात, चार ही संख्या लहान आहे. दुसऱ्या हजार जणांची तपासणी केली असती तर एक रुग्णही सापडला असता किंवा दहाही सापडले असते. शिवाय सूज दिसलेल्या प्रत्येकाला त्रास होतच होता असे नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. शोधले की सापडतात, आणि न शोधता जे सापडतात ते एकूण रुग्णांतील थोडेच असतात.

तिसरी पद्धत म्हणजे एन्डोस्कोपीसाठी आलेल्यांमध्ये मोजणी. कोणत्याही कारणाने एन्डोस्कोपी झालेल्यांत ईओईचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत दोन ते सात टक्के दिसते. घास अडकण्याच्या तक्रारीमुळे एन्डोस्कोपी झालेल्यांत ते १२ ते २३ टक्क्यांपर्यंत जाते. घास पूर्ण अडकून तातडीच्या विभागात पोहोचलेल्या आणि बायोप्सी झालेल्या रुग्णांत तर जवळपास निम्म्यांना हा आजार असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे ‘प्रमाण किती’ याचे उत्तर ‘कुणामध्ये’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

भारतातील चित्र काय?

भारतातील आकडे रुग्णालयांत आलेल्या रुग्णांचे आहेत. त्यातील महत्त्वाचा अभ्यास दिल्लीच्या एम्समधला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे अशा तक्रारी असलेल्या रुग्णांची तेथे ओळीने तपासणी करण्यात आली. १८५ जणांच्या अन्ननलिकेचे तुकडे तपासले असता सहा जणांना ईओई असल्याचे आढळले. हे प्रमाण ३.२ टक्के भरते. म्हणजे ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून मोठ्या रुग्णालयात आलेल्या साधारण ३० रुग्णांमागे एकाचा त्रास प्रत्यक्षात अ‍ॅलर्जीचा होता.

हा टक्का थेट लोकसंख्येला लावता येत नाही. एम्सपर्यंत पोहोचणारे रुग्ण सहसा गावातल्या, मग तालुक्यातल्या, मग शहरातल्या डॉक्टरांचे उपचार करून थकलेले असतात. साध्या जळजळीवर गोळी घेऊन बरे होणारे तिथे जात नाहीत. त्यामुळे तेथे असे आजार अधिक सापडणे स्वाभाविक आहे. पण ‘हा आजार गोऱ्यांचा, आपल्याकडे नसतोच’ हा समज या अभ्यासाने खोडून काढला.

भारतात प्रमाण तुलनेने कमी असण्याची काही संभाव्य कारणे संशोधक मांडतात. जठरात राहणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू असलेल्यांमध्ये ईओई कमी दिसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. भारतात हा जिवाणू खूप मोठ्या लोकसंख्येत आहे. लहानपणी जंतुसंसर्गाशी येणारा संबंध आणि अ‍ॅलर्जी कमी असणे यांचा मेळ घालणारा ‘हायजिन’ सिद्धांतही मांडला जातो. मात्र हा संबंध आहे म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. हा जिवाणू अल्सरला आणि जठराच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतो. त्यामुळे तो संरक्षण देतो म्हणून उपचार टाळणे चुकीचे ठरेल.

सातारा जिल्ह्याचे गणित काय सांगते?

२०११च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार ७४१ आहे. जपानमधील लाखामागे १७ हा दर येथे लावला, तर जिल्ह्यात सुमारे ५०० रुग्ण असायला हवेत. जगाच्या सरासरीचा लाखामागे ४० हा दर लावला, तर सुमारे १,२००. शेजारच्या सांगलीची लोकसंख्या २८ लाखांच्या पुढे आहे; तेथेही हिशेब याच आसपास जातो.

ही प्रत्यक्ष मोजणी नाही, केवळ गुणाकार आहे. इथला खरा दर यापेक्षा कमीही असू शकतो आणि जास्तही. पण या गणिताचा एक उपयोग आहे. अगदी कमी दर धरला तरी रुग्णांची संख्या शेकड्यांत जाते. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरी गावांपासून कराड-कोरेगावपर्यंत हे लोक विखुरलेले असतील आणि त्यांतील अनेकांच्या खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असेल, ही शक्यता डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

थंड हवेचा संबंध आहे का?

अमेरिकेतील बायोप्सींच्या मोठ्या नोंदी तपासल्यावर दोन गोष्टी दिसल्या. उष्ण पट्ट्यापेक्षा थंड हवामानाच्या भागात आणि दाट वस्तीपेक्षा विरळ लोकवस्तीच्या भागात या आजाराचे प्रमाण जास्त होते. काही रुग्णांचा त्रास परागकणांच्या हंगामात वाढतो, असेही दिसते.

हे वाचून ‘थंड हवेचे, जंगलाने वेढलेले, विरळ वस्तीचे म्हणजे महाबळेश्वरच’ असे कुणाला वाटेल. पण तुलना फसवी आहे. थंडीत वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले की बातमी होते, कारण ते रोज घडत नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत महिनोन्महिने बर्फ असतो. तिथली झाडे, परागकण, घरांची रचना, घरात बंद राहण्याचा काळ, आहार हे सगळे वेगळे. पावसाळ्यातील धुके आणि ओल यांमुळे महाबळेश्वर-पाचगणीच्या घरांत बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होतो; मात्र त्यावरून अन्ननलिकेच्या आजाराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. हवापालट केल्याने ईओई बरा होत नाही आणि थंड हवेत आल्याने तो जडतही नाही.

रुग्ण वर्षानुवर्षे लपून का राहतात?

कारण ते जुळवून घ्यायला शिकतात. डॉक्टर या सवयींची एक यादीच करतात. दर घासाला पाणी पिणे, घास बारीक करणे, जेवायला खूप वेळ लावणे, कडक-चिवट पदार्थ टाळणे, गरजेपेक्षा जास्त चावणे आणि मोठ्या गोळ्या गिळायला घाबरणे. अशा रुग्णाला ‘गिळायला त्रास होतो का’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याने त्रास होईल असे खाणेच सोडलेले असते.

सातारा-सांगलीकडच्या जेवणात तर हे सहज खपून जाते. ज्वारीची भाकरी आमटीत किंवा रश्श्यात कुस्करून खाणे, भात कालवून मऊ करणे, रात्री दूध-भाकरी खाणे यात कुणाला काही वावगे दिसत नाही. घरातले म्हणतात, ‘तो पहिल्यापासूनच सावकाश जेवतो’ किंवा ‘त्याला पाण्याशिवाय घास उतरत नाही’. सवय आणि लक्षण यांतला फरक घरच्यांना कळत नाही, आणि रुग्णालाही नाही. म्हणून डॉक्टरांनी प्रश्न वेगळा विचारायला हवा. ‘सुकी भाकरी आणि चटणी, पाणी न पिता खाता येते का?’, ‘पंगतीत सगळ्यांच्या शेवटी उठता का?’, ‘मटण का सोडले?’

उशीर झाला तर काय होते?

स्वित्झर्लंडमधील २०० रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर बोलके आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत निम्म्या रुग्णांना सहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागला होता. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये अन्ननलिका अरुंद झालेली होती. निदानाला २० वर्षांहून अधिक काळ लागलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ७१ टक्के होते.

हा आजार जीव घेत नाही म्हणून दुर्लक्ष करण्याजोगा नाही, तो यामुळेच. सूज औषधाने उतरते. घट्ट होऊन अरुंद झालेली नळी मात्र अनेकदा फुग्याच्या किंवा नळीच्या साह्याने रुंद करून घ्यावी लागते.

निदान कसे होते?

रक्ताच्या तपासणीने नाही. रक्तात इओसिनोफिल वाढलेले असणे आपल्याकडे नवे नाही. जंत, दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी अशा अनेक कारणांनी ते वाढतात. उलट, ईओईच्या अनेक रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले नसतातही. त्वचेवर टोचून केल्या जाणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या चाचण्याही कोणत्या अन्नामुळे हा आजार झाला, हे खात्रीने सांगू शकत नाहीत. त्यामुळे हजारो रुपये खर्चून भलीमोठी ‘फूड अ‍ॅलर्जी’ची यादी आणणे या आजारात फारसे कामाचे नाही.

निदानाचा मार्ग एकच. एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, आणि बायोप्सी. दुर्बिणीतून कड्या, उभ्या चरा, पांढरे ठिपके, सूज किंवा अरुंद झालेला भाग दिसू शकतो. मात्र काही रुग्णांमध्ये अन्ननलिका वरवर नेहमीसारखीच दिसते. म्हणून संशय असेल तर अन्ननलिकेच्या वेगवेगळ्या भागांतून किमान सहा तुकडे घ्यावेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सूक्ष्मदर्शकाखाली एका मोठ्या केलेल्या क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल दिसले, गिळण्याशी संबंधित लक्षणे असली आणि इओसिनोफिल वाढवणारी इतर कारणे वगळली, की निदान पक्के होते.

‘एन्डोस्कोपी नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवलेल्या रुग्णाने म्हणूनच एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही. अन्ननलिकेचे तुकडे घेतले होते का? आणखी एक मुद्दा गोळ्यांचा. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांची सूज उतरते. तपासणीआधी त्या सुरू असतील, तर आजार झाकला जाऊ शकतो. म्हणून कोणत्या गोळ्या, किती दिवसांपासून सुरू आहेत, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे.

दोष स्ट्रॉबेरीचा की क्रीमचा?

ईओईला कारणीभूत ठरणारे सहा अन्नगट प्रामुख्याने ओळखले गेले आहेत. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे व सुकामेवा आणि मासे व कवचधारी जलचर. यात दुधाचा क्रमांक वरचा आहे. स्ट्रॉबेरी या यादीत नाही. काहींना स्ट्रॉबेरीने अंगावर गांधी उठते किंवा तोंडात खाज येते. पण तो वेगळ्या प्रकारचा त्रास आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर घास अडकण्याचे खापर फोडण्याआधी, ग्लासातल्या क्रीमचा विचार केलेला बरा.

पूर्वी हे सहाही गट एकदम बंद केले जात. मराठी घरात हे किती अवघड आहे, हे सांगायला नको. चहा, दही, ताक, पोळी, शेंगदाण्याचा कूट, अंडी, मासळी सगळेच जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतील १२९ प्रौढांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाने सहाही घटक टाळले, तर दुसऱ्याने केवळ प्राण्यांचे दूध आणि दुधाचे पदार्थ. सहा आठवड्यांनंतर सहा घटक टाळणाऱ्यांपैकी ४० टक्के आणि केवळ दूध टाळणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांची सूज उतरली होती. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक नव्हता. त्यामुळे सुरुवात केवळ दुधापासून करण्याचा पर्याय आता पुढे आला आहे.

गहू टाळावा लागलाच तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आपल्याकडे घरातच असतात, ही जमेची बाजू. मात्र नळी अरुंद झाली असेल तर कोरडी भाकरी अडकू शकते, त्यामुळे ती कालवणात भिजवूनच खावी. आणि हे सर्व डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घटक बंद केल्यावर सूज खरोखर उतरली का, हे पुन्हा एन्डोस्कोपी करूनच कळते. मनाने दूध, अंडी, डाळी सोडत गेल्यास आजार राहतो आणि कुपोषण वाढते.

औषधे कोणती?

तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला, आम्ल कमी करणाऱ्या ‘प्राझोल’ गटातील गोळ्या. पुरेशा मात्रेत दिल्यास जवळपास निम्म्या रुग्णांची सूज त्यांनी उतरते. त्यामुळे ‘गोळीने बरे वाटले, म्हणजे अ‍ॅसिडिटीच होती’ हा निष्कर्ष बरोबर नाही. दुसरा, अन्ननलिकेवर थेट काम करणारी स्टेरॉइड औषधे. दम्यात श्वासावाटे घेतली जाणारी फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड ही औषधे येथे गिळायची असतात आणि त्यानंतर अर्धा तास खायचे-प्यायचे नसते, म्हणजे औषध अस्तरावर टिकते. तोंडात किंवा घशात बुरशी येणे हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम. ब्युडेसोनाइडची खास या आजारासाठीची गोळी युरोपात २०१८ मध्ये, तर पातळ औषध अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाले. तिसरा मार्ग म्हणजे ‘डुपिलुमॅब’ हे इंजेक्शन. अमेरिकेत मे २०२२ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ते महाग असल्याने सहसा इतर उपायांनी न भागलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवले जाते.

कोणताही उपाय थांबवला की बहुतेकांमध्ये सूज परत येते. त्यामुळे दमा किंवा मधुमेहाप्रमाणे हा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे.

घास अडकलाच तर काय करावे?

श्वास घेता येत नसेल, बोलता येत नसेल, तर घास श्वासनलिकेत आहे. ती वेगळी आणि मिनिटांची आणीबाणी असते. श्वास आणि बोलणे नीट आहे, पण छातीत घास रुतला आहे आणि स्वतःची लाळही गिळता येत नाही, तर अन्ननलिका पूर्ण बंद झाली आहे असे समजावे. अशा वेळी केळे, भाताचा गोळा, भाकरीचा तुकडा किंवा तांब्याभर पाणी ‘वरून ढकलायला’ देण्याची आपल्याकडची पद्धत धोक्याची आहे. त्याने अडथळा वाढतो, उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि सुजलेली अन्ननलिका फाटण्याचीही भीती असते.

लाळ गिळता येत नसेल, तर शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त सहा तासांत एन्डोस्कोपीने घास काढावा, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. महाबळेश्वरहून सातारा पन्नासेक किलोमीटर, पुणे सव्वाशेच्या आसपास. आणि दोन्हीकडे जायचे तर घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होतो, हे डोंगरातल्या लोकांना नवे नाही. म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असे न म्हणता लगेच निघावे. निघण्यापूर्वी, जिथे जायचे तिथे एन्डोस्कोपीची सोय त्या वेळी उपलब्ध आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. घास काढताना डॉक्टरांनी अन्ननलिकेचे तुकडे तपासणीला घेतले का, हेही नंतर विचारावे. घास निघाला की रुग्ण सुटकेचा श्वास टाकून घरी जातो आणि मूळ आजार शोधायचा राहूनच जातो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

घास अडकणे हे प्रौढ वयात कधीच ‘साधे’ लक्षण नाही. त्यामागे ईओई असेलच असे नाही. आम्लामुळे झालेला व्रण, अन्ननलिकेच्या स्नायूंचा आजार, रक्तक्षयाशी संबंधित पडदा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हीदेखील कारणे असू शकतात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, तंबाखू, मिश्री किंवा दारूची सवय असलेल्या, वजन घटत चाललेल्या व्यक्तीचा घास अडकू लागला तर आधी कर्करोग नाही ना, हे पाहावे लागते.

तरुण वय, दमा किंवा सर्दीची अ‍ॅलर्जी, वर्षानुवर्षे सावकाश जेवण्याची सवय, एकदा तरी घास रुतल्याचा अनुभव आणि गोळ्यांनी अर्धवटच जाणारा त्रास, या गोष्टी एकत्र दिसल्या तर ईओईचा विचार व्हायला हवा. लाखामागे १७, ४० की ४००, यावर संशोधकांची चर्चा सुरू राहील. आकडा कोणताही खरा ठरो, त्यातील प्रत्येक रुग्णासाठी पहिली पायरी एकच आहे. गोळ्यांची पुढची पट्टी घेण्याआधी, घास अडकतो हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगणे.